एकुलतं एक हंगेरियन क्रियापद

मला हंगेरियन भाषेतलं एकच क्रियापद येतं, आणि ते मी दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत आमच्या फ्लॅटमध्ये भेंडी चिरता चिरता शिकले. क्रियापद आहे ‘पैसे देणे’. त्यांच्या भाषेत ‘फिझेत्नी’. मला त्या भाषेत ‘नमस्कार’ येत नाही, ‘पाणी’ येत नाही, ‘वाचवा’ येत नाही. पण बिल कुणी द्यायचं या विषयावर तुम्ही मला बुडापेस्टच्या कुठल्याही चौकात उभं करा, मी कुणाला ऐकायची नाही!

त्याचं असं झालं की, आमची मुलगी सायली शिकायला बुडापेस्टला गेली, मग तिथेच नोकरीला लागली आणि मग गाबोर नावाच्या मुलाच्या प्रेमात पडली. (निदान क्रम तरी बरोबर ठेवला.) गाबोर गुणी मुलगा. उपीट मागून घेतो, चहा घेतल्यावर कप स्वतः विसळतो, त्यामुळे तक्रार करायची म्हटली तरी जागा नाही. मागच्या वर्षी आम्ही दोघं त्याच्या आईवडिलांना भेटायला बुडापेस्टला गेलो. वडील लास्लो, जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेले. आई इलोना, शिवणकामात तरबेज. दोघंही देवमाणसं. दोघांनाही हंगेरियनखेरीज एक अक्षर येत नाही.

आणि या देवमाणसांनी तिथे माझा पार पाणउतारा केला. म्हणजे त्यांनी सगळे पैसे दिले!

जेवणाचे दिले, ट्रामचे दिले, गरम पाण्याच्या कुंडात डुंबायचे दिले. आमच्या ह्यांना खोकला झाला तर खोकल्याच्या औषधाचेसुद्धा दिले! दर वेळी मी पर्समध्ये हात घालायची आणि “नो, नो, आय पे” म्हणायची. लास्लो गोड हसायचे. मी काय म्हणते ते त्यांना कळत नाही, असं मला वाटायचं. आणि मी ‘कळलं का?’ म्हणून सायलीकडे बघेपर्यंत वेटर पैसे घेऊन पसार झालेला असायचा.

परतीच्या विमानात मी रडले. हे म्हणाले, “अगं, सायली मजेत आहे की. रडतेस कशाला?”

“सायलीसाठी नाही रडत. आठवडाभर आपण व्याह्यांचं खाल्लं! आपण मुलीकडचे, आणि एक कॉफीसुद्धा पाजली नाही त्यांना!”

“ते देऊ देत नव्हते ना.”

“तेच तर! का देऊ देत नव्हते? कारण मला सांगता येत नव्हतं.”

तुम्हाला हसू येईल, पण मला खरंच लागलं होतं ते. लग्न तिकडेच व्हायचं होतं, नगरपालिकेच्या कार्यालयात, मोजक्या माणसांत, आणि खर्च मुलं स्वतः करणार होती. शालू नाही, रुखवत नाही, मानपान नाही, विहिणींची पंगत नाही. माझी लेक आता जन्मभर त्यांच्या टेबलावर जेवणार होती. निदान एकदा तरी त्यांनी आमच्या पैशाने पोटभर जेवावं, एवढंच माझ्या मनात होतं. लग्नाआधी थंडीत दोघं चार दिवस दोह्याला यायची होती. तेव्हा त्यांना झकास हॉटेलात जेवायला न्यायचं आणि बिल मी द्यायचं, हे मी विमानातच ठरवून टाकलं.

“घरीच जेवू घाल की,” हे म्हणाले. “घरी कोण बिल मागतंय?”

“घरी घातलेलं जेवण हा पाहुणचार झाला. त्यांनी आपल्याला हॉटेलात नेलं होतं. हॉटेलचं उत्तर हॉटेलातच द्यायचं असतं.”

“बरं. पण मग हंगेरियन कशाला? दोह्यातले वेटर हिंदी बोलतात.”

“वेटरला नाही हो सांगायचं, व्याह्यांना सांगायचंय! त्यांच्या भाषेत, त्यांच्या तोंडावर सांगितलं की मग कळत नाही म्हणून हसायची सोय उरत नाही.”

यावर ह्यांनी पेपर उघडून तोंडापुढे धरला. (माझ्या बऱ्याच गोष्टींवर धरतात. त्यामुळेच संसार टिकलाय.)

मी फोनवर भाषा शिकवणारं ॲप घेतलं. त्यातली बाई पहिल्याच दिवशी मला ‘सफरचंद लाल आहे’ शिकवायला लागली. मी म्हटलं, बाई, सफरचंद तुझं तुझ्यापाशी ठेव, मला ‘पैसे देणे’ दाखव. शोधत शोधत ‘उपाहारगृहात’ नावाच्या धड्यापर्यंत पोचले, आणि तिथे सगळा खजिना सापडला. ‘एन फिझेतेक’ म्हणजे ‘मी देते’. ‘कि फिझेत?’ म्हणजे ‘कोण देणार?’ ‘होल लेहेत फिझेत्नी?’ म्हणजे ‘पैसे कुठे द्यायचे?’ एक वाक्य ‘मला पैसे द्यायला आवडेल’ असंही होतं. ते मी सोडून दिलं. आवडेल काय? मी देणारच! आणि एक होतं ‘क्युलोन फिझेतुंक’, म्हणजे ‘आम्ही आपापले पैसे देऊ’. ते ऐकल्याबरोबर मी फोन पालथा घातला. असलं अभद्र वाक्य विहीणबाईंसमोर चुकून तोंडातून निघालं, तर सोयरीक मोडायची!

सायलीला व्हिडिओ कॉलवर म्हणून दाखवलं. तिने कपाळाला हात लावला.

“आई, व्हाय ओन्ली धिस वर्ब? ॲट लीस्ट ‘हॅलो’ शीक!”

“हॅलो तुझे सासरे म्हणतील. मला त्याच्या पुढचं बघायचंय.”

“अँड प्लीज, डोन्ट डू द बिल थिंग. तुम्ही लोक बिलासाठी भांडता ना, दे विल थिंक इट्स अ रिअल फाइट.”

“आम्ही कुठे भांडतो? आग्रह करतो!”

पण नुसतं पाठ करून भाषा येत नाही. ती वापरावी लागते, असं ॲपवाली बाई रोज बजावत होती. तेव्हा मी वापरायला लागले. आमच्या बिल्डिंगखालच्या बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दूध-ब्रेड घेतला की काउंटरवर हात ठेवून जोरात म्हणायची, “एन फिझेतेक!” दुकानदार केरळचा. पहिल्या दिवशी दचकला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “चेची, कार्ड या कॅश?” (चेची म्हणजे त्यांच्याकडची ताई.) महिन्याभरात तो मला दुरून बघूनच बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायला लागला, “हटो, हटो, फिझेतेक चेची आयी.”

टॅक्सीत म्हटलं, दवाखान्यात म्हटलं, पेट्रोल पंपावर म्हटलं. शेजारच्या देशपांडे वहिनींबरोबर गाडीत बसून करक, म्हणजे इथला वेलचीचा दाट चहा प्यायला गेले, तेव्हा त्यांनी पर्स उघडताच मी त्यांच्या कानाशी असा काही ‘एन फिझेतेक!’ ठोकला, की त्यांचा चहा सीटवर सांडला. चहाचे पैसे दिले मी, सीट कव्हर धुऊन दिलं तेही मीच. पण सराव झाला!

सवाल करायला समोर कुणीतरी हवं म्हणून ह्यांना ‘कि फिझेत?’ एवढंच शिकवलं. आधी कुरकुरले. मग त्यांच्या लक्षात आलं की, आपण ‘कोण देणार?’ असं विचारलं की बायको ‘मी देते!’ म्हणते आणि खरोखर देते. लग्नाला एवढी वर्षं झाली, हे असं पहिल्यांदाच घडत होतं. मग त्यांना भाषेची भलतीच गोडी लागली. भाजी घेताना ‘कि फिझेत?’ केस कापताना ‘कि फिझेत?’ गाडीचे चारही टायर बदलायला गेलो, तिथे सुद्धा ह्यांनी गंभीर चेहऱ्याने माझा सराव करून घेतला!

असा मी जय्यत अभ्यास केला. आणि मग विलासभावजी मध्ये पडले.

विलासभावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. साताऱ्याकडचे, इथे एसी दुरुस्तीच्या कामावर, राहायला दोह्याजवळच्या अल वक्ऱ्याला. बायको-मुलं गावी, त्यामुळे आमच्याकडे येणं-जाणं घरच्यासारखं. माणूस सोन्यासारखा, पण बिल देण्याच्या बाबतीत पट्टीचा पैलवान. आजवर त्यांच्यासोबत कुणी जेवायला गेलं आणि त्यांना बिल देऊ दिलं नाही, असं झालेलं नाही. त्यांची रीत ठरलेली. जेवण संपत आलं की “हात धुवून येतो” म्हणून उठतात आणि परत येताना बिल देऊनच येतात. मासे खाऊ घालायचे म्हणून मी वक्ऱ्याच्या समुद्रकाठचं हॉटेल ठरवलं, आणि चूक केली ती तिथेच.

“वैनी, वक्रा म्हंजी माझं गाव हाय,” भावजी फोनवर म्हणाले. “तिथला मॅनेजर माझ्या वळखीचा. टेबल मी सांगून ठिवतो. बिलाचं तुमी बघायचं न्हाई.”

“भावजी, बिल मी देणार आहे. सहा महिने हंगेरियन शिकलेय मी त्यासाठी!”

“आवं, शिका की. वाईट हाय व्हय शिक्शान? पर माझ्या गावात यून पावन्यांचं पैसं तुमी द्यायचं, मंग मी मिशी कशाला ठिवलीया?”

“सायली माझी मुलगी आहे!”

“आन माजी पुतनी न्हाई व्हय?”

फोन ठेवला, तेव्हा शेजारी बसलेले हे अगदी साळसूदपणे म्हणाले, “तुम्ही दोघं वाद कशाला घालता? बघू तेव्हाचं तेव्हा.” हा माणूस मनात स्वतःचा बेत शिजवतोय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पाहुणे आले. तीन दिवस घरी पुरणपोळीपासून पिठल्यापर्यंत सगळं झालं. इलोनाबाईंनी माझ्या मशीनवर माझे दोन ब्लाऊज बसवून दिले, ते माझ्या टेलरने बसवलेल्यांपेक्षा चांगले बसले. चौथ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, आम्ही सात जण वक्ऱ्याला जेवायला गेलो. हे, मी, सायली, गाबोर, लास्लो, इलोना, आणि दारातच मिशीला पीळ देत उभे असलेले विलासभावजी.

हॉटेल तुडुंब भरलेलं होतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला काउंटर, आणि काउंटरला अगदी लागून हात धुवायची बेसिनं. मी जाताजाताच जागा हेरून ठेवली. मासा आला तो परातीएवढा, भातावर आडवा टाकलेला. लास्लोंनी आमचं बघून काटा-चमचा बाजूला सारला आणि हाताने जेवायला सुरुवात केली. कोपरापर्यंत मसाला माखून घेतला बिचाऱ्यांनी, पण इतकं मनापासून जेवले की बघूनच माझं पोट भरलं. इलोनाबाई मला काटे काढून देत होत्या. भाषा नसलेल्या त्या बाईने माझ्या ताटात माशाचा मऊ तुकडा ठेवला, तेव्हा माझ्या मनात आलं की लेक योग्य घरी चाललीय. आणि लगेच त्याच्यामागून आलं, की बिल काही झालं तरी आपणच द्यायचं!

जेवण संपत आलं. लास्लोंनी नॅपकिनला हात पुसले आणि एक हात खिशाकडे वळवला.

मी सरळ झाले. घसा साफ केला. सहा महिन्यांची तपश्चर्या एका श्वासात गोळा केली आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, “एन फिझेतेक!”

लास्लोंचा हात खिशातच राहिला. डोळे विस्फारले. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या! इलोनाबाईंनी माझा गालगुच्चा घेतला! गाबोर “ब्राव्हो!” म्हणाला. लास्लोंना आनंदाचं असं भरतं आलं की ते माझ्याशी हंगेरियनमध्ये घडाघडा बोलायलाच लागले. ट्रामचा ब्रेक निकामी झाल्यासारखे थांबेचनात. मला त्यातलं एक अक्षर कळेना, मी आपली मान डोलवत होते. शेवटी त्यांनी छातीवर हात ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द सोडवून म्हणाले, “नेम, नेम. मी फिझेतुंक.”

हे मात्र कळलं! नाही, नाही, आम्ही देणार! (त्यांच्यात ‘मी’ म्हणजे ‘आम्ही’. असतं एकेकाचं.)

“एन!” मी म्हणाले.

“मी!” ते म्हणाले.

“एन, एन, एन!”

“आई, लोक बघतायत,” सायली पुटपुटली. घाबरली की तिला मराठी येतं.

आणि एवढ्यात भावजी उठले. “हात धुवून येतो,” म्हणाले.

 मी लास्लोंशी वाद घालत बसले होते आणि खरा शत्रू काउंटरकडे निघाला होता! मी उठणार, तोच हे उठले. “मीसुद्धा धुवून घेतो,” म्हणाले आणि चालता चालता खिशातून पाकीट काढायला लागले. म्हणजे हा होता तर ह्यांचा बेत! सहा महिने माझ्याकडून टायरसुद्धा उकळले आणि आज व्याह्यांसमोर स्वतः मिरवायचं!

“हात!” मी किंचाळले आणि पर्स घेऊन धावले.

टेबलावर मागे काय झालं, ते सायलीने नंतर सांगितलं. आमची तिन्ही माणसं एकापाठोपाठ एक नाहीशी झालेली बघून इलोनाबाईंनी घाबरून विचारलं, “सगळे कुठे गेले? माशात काही होतं का?” सायली म्हणाली, “नाही, नाही, हात धुवायला गेलेत.” “सगळे एकदम?” “हो... आमच्यात तशी पद्धत आहे,” तिने आपलं सावरून नेलं. मग काय, पद्धत म्हटल्यावर माणसं सभ्य, ती कशाला मागे राहतील? लास्लो उठले, इलोनाबाई उठल्या, गाबोर उठला, आणि तिघंही हात पुढे धरून, रांगेत, आमच्या मागोमाग निघाले!

काउंटरवर तोवर रणधुमाळी माजली होती. भावजींनी कार्ड पुढे केलेलं, ह्यांनी भावजींचं मनगट धरलेलं, आणि मी दोघांच्या मधून हात घालून कॅशियरपुढे माझं कार्ड नाचवत होते.

“भैया, इसका मत लो!”

“दादा, सोड हात! सोड म्हन्तो!”

“विलास, मोठा भाऊ आहे मी तुझा!”

“उसका कार्ड वापस करो! मेरा लो! एन फिझेतेक!”

कॅशियर नेपाळी होता, किरकोळ अंगाचा, शांत. हातात कोंबलेली तीन कार्डं धरून तो भिंतीला टेकत टेकत मागे सरकत होता. “साब, मॅडम, कोई एक फायनल करो ना,” एवढंच बिचारा म्हणत होता.

एवढ्यात लास्लो येऊन पोचले. त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिलं. हा हात धुण्यातलाच पुढचा विधी असावा, असा त्यांचा समज झाला की काय कोण जाणे, पण त्यांचा चेहरा उजळला! त्यांनी बाह्या सरसावल्या, गर्दीत उडी घेतली आणि चौथं कार्ड कॅशियरच्या शर्टाच्या खिशात कोंबलं. इलोनाबाई फोनवर व्हिडिओ काढत होत्या. गाबोर कुणाला सोडवावं ते न कळून सगळ्यांनाच धरत होता. आमच्या मागे रांग लागली. एक कतारी गृहस्थ स्वतःचं बिल द्यायला केव्हाचे उभे होते. त्यांनी एकदा “यल्ला, यल्ला”, म्हणजे चला, आटपा, असं म्हटलं, दोनदा म्हटलं, आणि मग आमच्या डोक्यांवरून हात लांब करून कॅशियरला त्यांचं बिल घ्यायला लावलं. मशीन टुईं करून वाजलं. पावती निघाली.

त्या आवाजासरशी आम्ही सगळे थांबलो. कॅशियरने ज्याचं कार्ड त्याच्या हातात घाईघाईने कोंबलं आणि म्हणाला, “खलास, खलास! अभी सब लोग बाहर जाओ, प्लीज!”

मी भावजींकडे पाहिलं. त्यांच्या मिशीखाली हसू होतं. संपलं! घात झाला! दिलं भावजींनी बिल! सहा महिने, महिन्याचा डेटा, देशपांडे वहिनींचं सीट कव्हर, सगळं पाण्यात गेलं.

घरी येईपर्यंत मी गाडीत एक शब्द बोलले नाही. हरलेल्या माणसाने ‘बिल कुणी दिलं?’ असं विचारायचं नसतं, नुसतं फुरंगटून बसायचं असतं. तसे हेही गप्प होते. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला खरोखर रडू येत होतं. आता लग्न झालं की ही माणसं परत कधी दोह्याला यायची? एकच जेवण होतं माझ्या वाट्याला आणि तेही मला घालता आलं नाही. घरी चहा केला, तेव्हा भावजींच्या बशीत चिवडा मुद्दाम कमी घातला.

चहा अर्धा झाला असेल, तोच भावजींचा फोन वाजला. “हां, मॅनेजरसाब, बोलो,” असं म्हणून त्यांनी फोन कानाला लावला, आणि बघता बघता त्यांची मिशी खाली आली.

“वैनी,” ते म्हणाले, “बिल तुमीच दिलं न्हवं?”

“मी? तुम्ही दिलंत!”

“म्या कुठं? तुमी हासला, म्हनून मला वाटलं तुमीच जिंकला!”

“मी हसले नाही, मला रडू येत होतं! तुम्ही हसलात!”

“आवं, हरल्यावर काय करायचं मानसानं? हासलो आपला!”

आम्ही दोघांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, “मला वाटलं तू दिलंस. नाहीतर इतका वेळ गप्प बसलीस कशाला?” मग सगळ्यांनी लास्लोंकडे पाहिलं. लास्लोंनी भावजींकडे बोट दाखवलं.

कुणीच दिलं नव्हतं! ती टुईं कतारी गृहस्थांच्या बिलाची होती. कॅशियरने आम्हाला बाहेर काढलं ते आम्ही रस्त्यावर भांडून, एकाला नक्की करून परत येऊ म्हणून. तो बिचारा मघापासून दाराकडे बघत वाट पाहत होता. एका बिलासाठी चार माणसं हातघाईवर आली होती आणि ते बिल तसंच टाकून, ढेकर देत आम्ही घरी आलो होतो!

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “कॅमेरे असतात तिथे,” म्हणाले. “पोलिसात गेले तर? उद्या व्याह्यांना विमानतळावर अडवतील! परदेशी पाहुणे, मासा खाऊन पळाले म्हणून!”

“दादा, गप. मी जातो, दिऊन येतो,” म्हणत भावजी चपला शोधायला लागले.

“तू बस. मी जातो,” हे उठले. लास्लोंना सायलीने हंगेरियनमध्ये काय घडलं ते सांगितलं, ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले आणि कोट घालायला लागले! म्हणजे पुन्हा पहिल्यापासून!

मी दारात जाऊन उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला लावले. आवाज चढवला नाही. लास्लोंच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “एन. फिझेतेक.”

लास्लो थांबले. सायलीने त्यांच्या जवळ जाऊन हळूच काहीतरी सांगितलं.  मग त्यांनी कोट काढला, खिशातलं पाकीट काढून इलोनाबाईंच्या पर्समध्ये टाकलं आणि खुर्चीत बसून चिवड्याची बशी पुढे ओढली.

“काय सांगितलंस गं त्यांना?” मी जिन्यात सायलीला विचारलं.

“सांगितलं की आईला फक्त हे एकच जेवण तुम्हाला द्यायचंय,” ती म्हणाली. हे मात्र अगदी स्वच्छ मराठीत. मी तिला जवळ घेतलं आणि डोळे पुसतच गाडीत जाऊन बसले.

ह्यांनी गाडी हॉटेलसमोर उभी केली आणि पार्किंग नाही म्हणून आतच बसून राहिले. मी एकटीच काउंटरपाशी गेले. मला बघताच कॅशियरने मशीन छातीशी धरलं आणि माझ्या मागे डोकावून पाहिलं.

“मॅडम, अकेले आए हो ना?”

“हाँ. अकेली.”

त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि बिल पुढे ठेवलं. मी कार्ड काढलं. ज्या क्षणासाठी सहा महिने जीव टाकला होता, तो क्षण आला होता. आणि काहीच होईना! कुणी माझं मनगट धरलं नाही. कुणी कार्ड हिसकावलं नाही. कुणी ‘अहो, हे काय, तुम्ही कशाला?’ म्हटलं नाही. हॉटेल रिकामं, समुद्र शांत, आणि मी वीजबिल भरायला आल्यासारखी उभी. बिल देताना समोर नको म्हणणारं कुणी नसेल, तर त्यात काही म्हणता काही मजा नाही हो!

मी कार्ड मागे घेतलं. “भैया,” म्हटलं, “एक बार ‘नहीं नहीं मॅडम, आप मत दो’ बोलो ना.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग अत्यंत गंभीरपणे “नहीं नहीं मॅडम, आप मत दो,” म्हणत त्याने माझ्या हातातलं कार्ड ओढून घेतलं आणि मशीनवर टेकवलं. मी काउंटरवर हात ठेवला, घसा साफ केला, ‘एन फिझेतेक!’ म्हणायला तोंड उघडलं, आणि तोवर पावती बाहेर आली होती.